शनिवारची सकाळची शाळा आणि लेंटे इन्सुलिन

आमची शाळा सोमवार ते शुक्रवार अकरा ते साडेपाच भरायची आणि शनिवारी सकाळी साडेसातला. मराठी शाळेत शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शनिवार म्हणजे पांढरा गणवेश, कवायत आणि अकराला घर. सगळ्या मुलांना शनिवार आवडायचा. आमच्या घरी मात्र शुक्रवारी रात्रीच आई आणि अण्णांची कुजबुज सुरू व्हायची. उद्या इंजेक्शन किती वाजता, किती युनिट, हातात की मांडीत, आणि कवायतीला हिला पाठवायचं की नाही?

1976 साली, पाचवीत असताना, मला टाइप वन डायबेटीस झाला. हे नाव तेव्हा रुळलेलं नव्हतं. डॉक्टर ‘ज्युव्हेनाइल डायबेटीस’ म्हणत आणि गल्लीत ‘त्यांच्या पोरीला साखर लागलीय’ असं म्हणत. आज नव्यानं निदान झालेल्या मुलांचे आईबाप कधी कधी विचारतात, तुम्ही त्या काळात शाळा कशी केलीत? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी त्या वेळचं इन्सुलिन कसं चालायचं ते सांगावं लागतं. म्हणून हा लेख.

आजार थोडक्यात असा. आपण खाल्लेल्या भाकरीभाताची साखर होते आणि ती रक्तातून सगळीकडे फिरते. पण रक्तात असणं वेगळं आणि पेशीच्या आत पोचणं वेगळं. बाजार समितीच्या आवारात धान्याचे ट्रक उभे आहेत, पण पोती उतरवून घेणारे हमालच नाहीत, अशी कल्पना करा. ही हमाली करून घेण्याचं काम इन्सुलिनचं. ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तयार करतात. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा या पेशींना शत्रू समजून मारते. गोड खाल्ल्यानं हे होत नाही. माझ्या आजीला मरेपर्यंत वाटत राहिलं की तिनं लाडानं दिलेल्या गुळाच्या खड्यांमुळे हे झालं. तिला कोणी नीट समजावलं नाही, मीही नाही.

पुढची लक्षणं या एकाच गोष्टीतून येतात. रक्तातली साखर दर शंभर मिलीलीटरला साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडायला लागतात. साखरेबरोबर पाणी जातं, म्हणून तहान. इकडे पेशी उपाशी, म्हणून शरीर स्वतःची चरबी आणि मांस जाळतं आणि मूल खात असूनही वाळतं. चरबी जळताना कीटोन नावाची आम्लं साठतात, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, उलट्या होतात, धाप लागल्यासारखा खोल श्वास सुरू होतो. मी दहा वर्षांची असून पुन्हा अंथरूण ओलं करायला लागले होते. त्यावर आधी ओरडा बसला, मग दृष्ट काढली, मग जंतांचं औषध झालं. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या की मोरीत मुंग्या लागतायत, बघा जरा. लघवीला मुंग्या लागणं हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यकग्रंथांमध्येही नोंदलेलं लक्षण आहे. ‘मधुमेह’ या शब्दातच ते आहे.

1922 च्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं महिन्यांत, फार तर एकदोन वर्षांत जात. माझा जन्म त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी झाला, म्हणून मी हे लिहिते आहे. पण इन्सुलिन मिळणं आणि ते नीट वापरता येणं यांच्यात बरंच अंतर होतं, आणि माझी सगळी शाळा त्या अंतरात झाली.

निरोगी माणसाचं स्वादुपिंड मिनिटामिनिटाला हिशेब करतं. जेवलात तर जास्त इन्सुलिन, पळालात तर कमी. आमच्याकडे होत्या दोन बाटल्या. एक पाण्यासारखी स्वच्छ, तिला ‘प्लेन’ म्हणायचं. दुसरी गढूळ, दुधाळ, ती ‘लेंटे’. प्लेन टोचल्यावर अर्ध्या तासात काम सुरू करायचं, दोन ते चार तासांनी त्याचा जोर सर्वांत जास्त असायचा आणि सहा-आठ तासांत ते संपायचं. लेंटेत जस्ताच्या साहाय्यानं इन्सुलिनचे बारीक कण केलेले असत, ते हळूहळू विरघळत. त्यामुळे त्याचा जोर सहा ते बारा तासांनी यायचा आणि ते अठरा ते चोवीस तास पुरायचं. सकाळी दोन्ही एकाच सिरिंजमध्ये घ्यायचं, आधी स्वच्छ मग गढूळ, आणि लगेच टोचायचं. मिसळून ठेवलं तर लेंटेमधलं जादा जस्त प्लेनलाही संथ करून टाकायचं.

एकदा टोचलं की ते परत काढता येत नाही, ही खरी गोम आहे. सकाळी साडेसातला आईनं सुई टोचली की संध्याकाळपर्यंतचं माझं वेळापत्रक त्याच क्षणी ठरायचं. साडेनऊ ते साडेअकरा प्लेनचा भर. त्यासाठी आठला नाश्ता आणि दहाला पोळी-भाजी-भात. दीडपासून लेंटेचा भर. त्यासाठी दोनच्या मधल्या सुट्टीत डबा, आणि चारच्या सुमाराला पुन्हा काहीतरी. भूक असो वा नसो. आज मुलं जेवणाप्रमाणे इन्सुलिन घेतात, आम्ही इन्सुलिनप्रमाणे जेवायचो.

चारचं ‘काहीतरी’ हीच शाळेतली अडचण. चालू तासाला खायचं नाही हा नियम, आणि चार वाजता भूगोल. माझ्या भूगोलाच्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांना वाटायचं की एकीला परवानगी दिली तर वर्ग मागेल. मग मी दप्तरात डोकं घालून शेंगदाण्याची चिक्की खायची. पकडली जायची. पाचच्या पी.टी.च्या तासाला लेंटे जोरात असायचं आणि मला लंगडी खेळायची असायची.

आता शनिवार बघा. शाळा साडेसातला, म्हणजे इंजेक्शन साडेसहाला. पावणेसातला दूध आणि पोळी. कवायत साडेसात ते सव्वाआठ. व्यायामात स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात, आणि वरून इन्सुलिन असेल तर आणखी वेगानं. सुई मांडीत टोचली असेल आणि मांडीच पळत असेल, तर तिथलं रक्त वाढतं आणि इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषलं जातं. म्हणजे साडेआठला प्लेनचा भर सुरू, साखर कवायतीनं आधीच खाली आलेली, आणि पुढचं जेवण थेट साडेअकराला. या गणिताचं उत्तर मी सहावीत पहिल्यांदा रांगेत उभ्या उभ्या खाली बसून दिलं. त्यानंतर घरी ठरलं की शनिवारी प्लेन दोन युनिट कमी, सुई दंडात, कवायतीआधी एक केळं. आणि रविवारी सकाळी तपासणी ठरलेली विटकरी, कारण शनिवारी तासभर आधी टोचलेलं लेंटे रविवारी पहाटेच संपलेलं असायचं.

विटकरी म्हणजे काय, हे सांगायला हवं. घरी रक्त तपासायची सोय नव्हती. लघवी तपासायची. परीक्षानळीत 5 मिलीलीटर बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. द्रावणात मोरचूद असतो. साखर असेल तर त्यातल्या तांब्याचा रंग बदलतो. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर किंचित, मग पिवळं, नारिंगी, आणि भरपूर असेल तर विटेसारखं तांबडं. अण्णांनी दोनशे पानी वहीत रकाने आखले होते: नि, हि, पि, ना, वि. चार वेळा तपासणी, चार अक्षरं. घरात त्या नळीचा एक विशिष्ट वास असायचा. तो लिहून सांगता येणार नाही, पण ज्यांच्या घरी होता त्यांना आठवेल.

ही तपासणी दोन बाबतीत आंधळी होती. पहिलं, लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठत असते. सकाळची विटकरी नळी रात्री कधीतरी साखर वाढली होती एवढंच सांगायची, आत्ता किती आहे ते नाही. म्हणून डॉक्टर सांगत की एकदा जाऊन ये, अर्ध्या तासानं पुन्हा जा आणि दुसरी लघवी तपास. शाळेच्या सकाळी हे जमवून बघा. दुसरं त्याहून वाईट. 180 च्या खाली लघवीत साखरच उतरत नाही. त्यामुळे साखर 170 असली तरी नळी निळी, 100 असली तरी निळी, आणि 40 असली, म्हणजे मूल बेशुद्ध पडायच्या बेतात असलं, तरी निळीच. सगळ्यात सुंदर रंग आणि सगळ्यात धोकादायक रंग एकच. म्हणून त्या वेळी बरेच डॉक्टर सांगत की थोडं हिरवं राहू द्या. म्हणजे साखर मुद्दाम जरा जास्तच ठेवायची. ते चूक नव्हतं, हातात जे साधन होतं त्यात तोच शहाणपणा होता. त्याची किंमत पुढे अनेकांच्या डोळ्यांनी आणि मूत्रपिंडांनी मोजली.

एक कबुली देते. सातवीत मी नळीत नळाचं पाणी घालायला लागले. निळं आलं की सगळे खूश व्हायचे, अण्णा चहा पिताना शीळ घालायचे. पंधरा दिवस वही नि-नि-नि-नि. डॉक्टरांनी वही पाहिली, इतकं छान चाललंय म्हणून लेंटे चार युनिट कमी केलं, आणि आठवड्यात मी सलाईनवर. तेव्हा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसीची तपासणी आमच्या भागात कोणी ऐकली नव्हती. ती असती तर वहीचं खोटं पहिल्या भेटीतच उघडं पडलं असतं. रंगांना ‘चांगला’ आणि ‘वाईट’ म्हटलं की मुलं रंगच बदलतात. आजच्या मीटरच्या आकड्यांनाही हे लागू आहे.

सिरिंज काचेची होती. रोज उकळायची. ती थंड पाण्यात टाकून मग पातेलं गॅसवर ठेवायचं, नाहीतर काच तडकते. आमच्या विहिरीच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळे दट्ट्या अडकायचा आणि आईला तो व्हिनेगरमध्ये भिजवावा लागायचा. सुई एकच, महिनोन्‌महिने. बोथट झाली की अण्णा बारीक दगडावर तिला धार लावायचे आणि भोक बुजू नये म्हणून आत बारीक तार घालून ठेवायचे. ती सुई कशी लागायची हे विचारू नका. पण खरं सांगायचं तर सुईची सवय महिन्याभरात झाली. शनिवारची झाली नाही.

फ्रिज नव्हता. इन्सुलिन म्हणजे प्रथिन; उन्हाळ्यात तापलं की त्याची ताकद जाते आणि गोठलं तर ते कायमचं बिघडतं. बाटली छोट्या स्टीलच्या डब्यात घालून तो डबा माठातल्या पाण्यावर तरंगता ठेवायचा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा बरंच गार राहतं. कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, कोकणात पावसाळ्यात फारशी नाही. चालू बाटलीला तेवढं पुरतं, साठ्याला नाही. म्हणून जादा बाटल्या औषधवाल्याच्या फ्रिजमध्ये.

बाटल्या कोल्हापूरहून याव्या लागायच्या. एका मे महिन्यात अण्णांनी थर्मासमध्ये बर्फ भरून घेतला. बर्फवाल्यानं आपुलकीनं त्यात मूठभर खडेमीठ टाकलं, वर सांगितलं की आता टिकेल. पॉटच्या आइस्क्रीमला आपण बर्फात मीठ घालतो ते का? मिठानं बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. एसटीतून घरी पोचेपर्यंत चारही बाटल्या गोठल्या होत्या. विरघळल्यावर लेंटेमध्ये नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसत होत्या, पण महिन्याचे पैसे घातलेले. हलवून हलवून तेच वापरलं. चार दिवस वि-वि-वि-वि. मग डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि काही न बोलता मोरीत ओतली.

साखर कमी होणं, म्हणजे हायपो, हे शाळेत कुणालाच ओळखता येत नसे. मेंदू जवळजवळ पूर्णपणे साखरेवर चालतो. ती घटली की शरीर आधी धोक्याची घंटा वाजवतं: घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, विचित्र भूक. ती घंटा ऐकली नाही तर मेंदूच मंदावतो. मूल चिडचिडं होतं, असंबद्ध बोलतं, डोळ्यांपुढे धूसर होतं, शेवटी झटके येतात किंवा शुद्ध जाते. गंमत अशी की बाहेरून हे सगळं वाह्यातपणासारखं दिसतं. माझ्या आठवीच्या गणिताच्या वहीत एक पान आहे. वरची तीन उदाहरणं मोत्यासारख्या अक्षरात, चौथ्यात आकडे ओळ सोडून खाली घसरलेले, आणि खाली लाल शाईत ‘आळस!’. त्या दिवशी मला पायाचे अंगठे धरायला लावलं होतं. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं माझ्या कंपासपेटीतली खडीसाखर माझ्या तोंडात कोंबली. तिला माझ्या आईनं शिकवून ठेवलं होतं, आणि वर्गातली खरी जाणकार तीच होती. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटं थांबणं, मग पोळी किंवा बिस्किटं. उपाय तेव्हाही हाच होता. फक्त शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. थेट डॉक्टर गाठायचा.

सहलीला मला नेलं नाही. ‘जबाबदारी कोण घेणार’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्याची चाल पाठ झाली. गणपतीत एक मोदक मिळायचा, तोही भात कमी करून. संक्रांतीला वर्गात ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ चालायचं तेव्हा माझ्या वाट्याला दुसरा अर्धा भाग यायचा. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड घेऊन येणारे नातेवाईक वाईट नव्हते. पण ज्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत, तिथे कुठलाही रस त्या परत आणत नाही. अशा सल्ल्यानं इन्सुलिन बंद केलेली मुलं काही दिवसांत दगावतात. याबाबतीत मी आजही कडू बोलते.

आणखी एक गोष्ट घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. ते इन्सुलिन प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं, गाईबैलांच्या आणि डुकरांच्या. आमच्या आजीच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघराच्या माठात ते तरंगत होतं. तिला माहीत होतं का? माझा अंदाज आहे की होतं, आणि तिनं विचारायचं नाही असं ठरवलं होतं. ते आजच्याइतकं शुद्धही नसे. टोचलेल्या जागी काही मुलांची चरबी झिजून खळगे पडत. माझ्या दंडांवर ते अजून आहेत. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन अमेरिकेत 1982 साली मंजूर झालं, आपल्याकडे ते सर्रास आणि परवडेल असं व्हायला बरीच वर्षं लागली.

रक्तातली साखर दाखवणारं पहिलं मीटर खरं तर 1970 च्या सुमारासच अमेरिकेत आलं होतं. ते किलोभर वजनाचं होतं आणि डॉक्टरांसाठी होतं, रुग्णांना विकत नसत. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या, लहानपणापासून डायबेटीस असलेल्या इंजिनिअरनं ते आपल्या डॉक्टर बायकोच्या नावावर मागवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासायला सुरुवात केली. माझ्या हातात मीटर आलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. त्याआधी काही वर्षं नुसत्या रंग बदलणाऱ्या रक्ताच्या पट्ट्या मिळायच्या. महाग, म्हणून कात्रीनं उभ्या कापून एकीच्या दोन करायच्या.

एवढी उठाठेव करून उपयोग होतो का, यावर डॉक्टरांमध्येच वाद होता. तो 1993 साली मिटला. अमेरिका आणि कॅनडात 1,441 टाइप वन रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात दिसलं की साखर काटेकोर ठेवली तर डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराचा धोका 76 टक्क्यांनी घटतो, मूत्रपिंडांचा आणि मज्जातंतूंचाही निम्म्याच्या आसपास उतरतो. त्याच अभ्यासात हायपो मात्र सुमारे तिप्पट झाले. मला तोवर सतरा वर्षं झाली होती, त्यातली बरीचशी हिरवी-पिवळी. माझ्या उजव्या डोळ्यावर लेसर झालं ते त्याच सुमाराला.

आज दंडावरच्या सेन्सरचा आकडा आईच्या फोनवर दिसतो. सीबीएसईनं 2017 साली दहावी-बारावीच्या टाइप वन परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळं, खाऊ आणि पाणी सोबत नेण्याची परवानगी दिली. माझ्या दहावीला मी खडीसाखर मोज्यात लपवून नेली होती. पण सेन्सर सगळ्यांना परवडत नाही. आपल्याकडे असंख्य मुलं अजून बाटली आणि सिरिंजवरच आहेत, आणि तिथे एक जुना घोळ आजही होतो. आपल्याकडच्या बाटल्यांत बहुधा दर मिलीलीटरला 40 युनिट असतात, काही इन्सुलिन मात्र 100 युनिटचं असतं. लाल टोपणाची सिरिंज 40 च्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची 100 साठी. 40 ची बाटली आणि केशरी सिरिंज घेऊन 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात जातात फक्त 8 युनिट. उलटं केलं, म्हणजे 100 ची बाटली आणि लाल सिरिंज, तर 20 ऐवजी 50 जातात, आणि ते जिवावर बेतू शकतं. औषधवाल्यानं सिरिंज हातात दिली की टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा तिथेच, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, ताडून बघा.